वासाची हाळी

माझ्या भावाच्या गळ्यात भोंगा बसवलाय, असं आमचं गाव म्हणायचं. शेतातल्या माणसाला बोलवायला लोक बांधापर्यंत चालत जातात. दादा ओट्यावरूनच हाक मारायचा आणि खाली वाकलेला माणूस उठून उभा राहायचा. लग्नात पंगतीला बोलवायचं काम ठरलेलं त्याचं. आई म्हणायची, "ह्याला स्पीकर लावायची गरज नाय, असलेला बंद कुठून करायचा ते सांगा." तो गळा पुढे कसा बंद झाला, ते मला सांगायचंय. माझी जीभ तिखट आहे हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, तेव्हा ज्यांना गोड हवं असेल त्यांनी माझ्याकडून अपेक्षा ठेवू नये.

आमचं गाव कुंभवलीच्या अंगाला, तारापूरच्या कारखान्यांना अगदी चिकटून. अलीकडे चिकूच्या वाड्या, थोडी भाताची जमीन, मग एक लांबलचक भिंत आणि भिंतीपलीकडे चिमण्या. बाहेरचा पाहुणा आला की आधी नाकाला रुमाल लावतो आणि मग नमस्कार करतो. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. तसा वास रोज नसतो. वारा वाहता असला की दिवसच्या दिवस बरे जातात. पण थंडीत, संध्याकाळी वारा पडला की भिंतीपलीकडून काहीतरी जमिनीलगत सरकत यायचं आणि गावात ठाण मांडून बसायचं.

त्यासाठी आमच्याकडे हाळी द्यायची पद्धत होती. ज्याच्या नाकाला वास आधी लागेल त्याने दारात येऊन ओरडायचं, "वास आला गोऽऽ!" पुढच्या घराने ती हाळी उचलायची, त्याच्या पुढच्याने त्याच्याकडून, असं करत वासाच्या आधी हाळी गावभर पोचायची. मग धडाधड खिडक्या लागायच्या, दाराच्या फटीत ओली गोणपाटं कोंबली जायची, पाण्याचे हंडे झाकले जायचे, पोरं आत ओढली जायची. अंगणात सुकट वाळत असेल तर हात लागेल तो शेजारणीचंही उचलून आत न्यायचा. ज्या घराशी भांडण आहे त्यालाही हाळी द्यायची, हा नियम होता. माझ्या काकूने आईशी वर्षानुवर्षं अबोला धरला होता. पण हाळी आली की काकू कुंपणाजवळ यायची, आमच्या घराकडे पाठ करायची आणि ओरडायची. पाठ करून का होईना, ओरडायची.

आमचं घर भिंतीच्या सगळ्यात जवळ, त्यामुळे पहिली हाळी बहुतेक वेळा आमच्याच दारातून जायची. आई गेल्यावर ते काम दादाकडे आलं. त्याची हाळी पार शेजारच्या पाम गावाच्या वेशीपर्यंत ऐकू जाते आणि तिथली माणसंही उगाच खिडक्या लावून बसतात, अशी थट्टा चालायची. आईने वासांना नावं ठेवली होती. एक नासक्या अंड्याचा, एक जळक्या कांद्याचा, एक नखांना लावायच्या रंगाचा. त्या शेवटच्याला ती म्हणायची, "आली बाय नटूनथटून." आम्ही हसायचो. हसत हसत खोकायचो.

ज्या भिंतीपलीकडून वास यायचा, तिच्याच पलीकडे दादा कामाला होता. एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. ह्यात आम्हाला कधी काही विचित्र दिसलं नाही, कारण आमच्याकडे निम्मी घरं अशीच जगतात. लग्नानंतर मी बोईसरला आले आणि शिवणकाम धरलं. पुढे कंपन्यांच्या युनिफॉर्मचीच कामं येत गेली. खिसे फाटलेले, गुडघे झिजलेले, कॉलरी विरलेल्या. दादाचे कपडे मी कधी दुसऱ्या शिंप्याकडे जाऊ दिले नाहीत. सुट्टीच्या दिवशी तो पिशवी घेऊन यायचा, मशीनशेजारच्या स्टुलावर बसून चहा प्यायचा आणि कंपनीतल्या साहेबांच्या नकला करायचा.

कंपनीतही त्याचा गळा तसाच होता. कुठे पाइपचा सांधा ओला दिसला, कुठे डोळ्याला झोंबलं, की हा खालून ओरडायचा आणि साहेब नाइलाजाने जिना उतरायचे. साहेबांनी त्याचं नाव 'कटकट' ठेवलं होतं. दादाला त्याचा अभिमान होता. माझ्या दुकानात येऊन सांगायचा, "आज कटकटने दोन साहेब खाली उतरवले."

मग त्याच्या प्लांटमधला एक पाइप बिघडला. दादा रोज सांगत होता की हा सांधा धरणार नाही, हा सुटणार. लिहून घ्या म्हणाला, दाखवायला घेऊन गेला, जेवणाच्या सुट्टीत बोलला, शिफ्ट बदलताना बोलला. त्याच्या जोडीला उत्तर प्रदेशातला एक माणूस काम करायचा, शांत, पान खाणारा. तो दादाला म्हणायचा, "भैया, आप रोज बोलते हो तो डर लगता है. मत बोला करो." एक दिवस तो सांधा सुटलाच. दादा तेव्हा दुसऱ्या टोकाला होता. जोडीदार पाइपाजवळ होता.

त्या माणसाला आधी इथल्या, मग मुंबईच्या इस्पितळात नेलं आणि तिथून त्याचे भाऊ त्याला गावी घेऊन गेले. पुढे काय झालं, कोणाला कळलं नाही. दादाने फोन केले, पण तो नंबर लागायचा बंद झाला. चौकशीत निघालं की कामगाराचं लक्ष नव्हतं. आणि थोड्याच दिवसांत कंपनीने कामगारांसाठी कार्यक्रम ठेवला. पाइप बदलण्याचा नव्हे, मन बदलण्याचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय.

कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडून झालेल्या त्या कार्यक्रमाला एक ताई आल्या होत्या. पुढे त्यांनी आमच्या गावातही ध्यानाचा वर्ग सुरू केला, म्हणून मी त्यांना नीट पाहिलं. पांढरी सुती साडी, मऊ आवाज, आणि समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायची सवय, जी आमच्या घराण्यात कोणालाच नाही. त्या कधी कोणाकडून काही घेत नसत. वहिनीने दिलेले चिकूसुद्धा वर्गातच वाटून टाकायच्या. भामट्या असत्या तर माझं काम सोपं झालं असतं. पण त्या जे बोलत ते स्वतः मानत होत्या, आणि मला सर्वात जास्त राग त्याचाच आहे.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्यांनी सांगितलं की माणूस ज्याचा विचार धरून ठेवतो तेच त्याच्याकडे चालत येतं. भीतीचा विचार केला तर भीतीदायक घडतं. "आपल्याकडे म्हण आहे ना," त्या म्हणाल्या, "मन चिंती ते वैरी न चिंती."

दादा तिथून सरळ माझ्या दुकानात आला. चहा नको म्हणाला. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मीच रोज बोलत होतो गो. सुटेल, सुटेल. सुटला."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. कळलं तेव्हा मी हातातली कात्री खाली ठेवली. "तू सांगत होतास म्हणून सुटला? की तू सांगत होतास आणि कोणी ऐकलं नाय म्हणून सुटला?"

"तो बोलायचा मला. मत बोलो, भैया. त्याला समजलं होतं."

ज्याने धोका ओळखला त्यानेच धोका बोलावला, असं माझ्या भावाने स्वतःला सांगून टाकलं. त्याला मी तेव्हा पुष्कळ समजावलं, ओरडले, आईची शपथ घातली. पण अपराधी वाटणाऱ्या माणसाला कारण हवं असतं. ज्यांचा अपराध होता त्यांना काहीच वाटत नव्हतं, आणि ज्याचा नव्हता तो वाटून घ्यायला तयार बसला होता. त्या दिवसापासून दादा कंपनीत ओरडेनासा झाला. साहेबांना जिना उतरावा लागेना. त्या वर्षी त्याला मंचावर बोलवून शाल दिली.

गावातला वर्ग समाजमंदिराच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी भरायचा. पामपासून माणसं यायची, बायका जास्त. मीही गेले. दादाने फार आग्रह केला म्हणून गेले, आणि खोटं कशाला बोलू, थोडी उत्सुकताही होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगाची मापं घेणाऱ्या बाईला कोणीतरी म्हणालं की डोळे मिट आणि स्वतःला बघ, तर मोह होतोच.

डोळे मिटले. आधी नुसता शिलाई मशीनचा आवाज आला, मग तोही थांबला. खरंच थांबला, आणि त्या शांततेत मला बरं वाटलं. मग मला आई दिसली. पदर तोंडाला लावून दारात उभी, दुसरा हात चौकटीवर, हाळी द्यायच्या आधी छातीत श्वास भरून घेताना. इतकी स्पष्ट की मला रडू फुटलं. ताई जवळ आल्या, काय दिसलं विचारलं, मी सांगितलं. त्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "ही जुनी भीतीची प्रतिमा आहे. तिला निरोप द्या. तिच्यापलीकडे तुम्ही स्वतः आहात."

मी डोळे उघडले. पलीकडे जाण्यासारखं काही नव्हतं, तीच मी होते. वर्गात लोक म्हणत की आत प्रकाश आहे, आनंद आहे. मी आत गेले तर मला एक भांडकुदळ बाई भेटली, जिला नाक आहे आणि गळा आहे, आणि तिला घालवून द्यायची माझी तयारी नव्हती. स्वतःचा शोध म्हणतात तो मला त्या हॉलमध्येच लागला, हे मी ताईंच्या पदरात टाकते. पुढचं मात्र टाकणार नाही.

शेवटी प्रश्न विचारा म्हणाल्या तेव्हा मी विचारलं. "विचारातून जग घडतं हे मला पटतं. कोणीतरी कुठल्यातरी ऑफिसात बसून विचार केला की इथे कारखाने व्हावेत, आणि झाले. माझ्या आजोबांनीही विचार केला असेल की इथे भात लावावा. तो काही टिकला नाही. तर कोणाचे विचार फळतात आणि कोणाचे फळत नाहीत, हे कसं ठरतं?"

ताईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमच्या प्रश्नात राग आहे."

"हाय," मी म्हटलं. "पण प्रश्न पण हाय."

बायका हसल्या. दादा हसला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "तू येत नको जाऊ. तुझ्यामुळे हॉल जड होतो." माझा भाऊ मला असं कधी तोडून बोलला नव्हता. मी रिक्षात बसून बोईसरला येईपर्यंत रडत होते.

हाळी त्या हिवाळ्यात बंद झाली. वर्गात ठरलं की वास आला की ओरडायचं नाही, कारण ओरडल्याने एका माणसाची भीती साऱ्या गावाची होते. त्याऐवजी जिथे असू तिथे डोळे मिटायचे आणि मनात म्हणायचं, माझ्याभोवती शुद्ध हवा आहे. आणि खिडकी लावायची नाही. खिडकी लावली म्हणजे मनाने हार मानली. भिंतीजवळच्या पहिल्या घरातून हाळी गेली नाही तर बाकीचे काय उचलणार? ज्यांना वर्गाशी घेणंदेणं नव्हतं तेही हळूहळू गप्प झाले. ओरडणारा एकटाच पडला तर तो वेडा दिसतो.

सातपाटीची एक मासळीवाली सकाळच्या बसने यायची, आमच्या दारात टोपली टेकवायची. मी माहेरी गेले होते तेव्हा तिने मला विचारलं, "तुमच्या गावात आता वास येत नाय का गो? कोणी ओरडत नाय." मी म्हटलं, "वास येतो, आम्हाला येत नाय." तिला ते विनोदी वाटलं. टोपली उचलताना हसत होती.

दादाचे कपडे मला सांगत होते. आधी पँटची कंबर आत घ्यायला आली, मग शर्टाचे खांदे. मी टेप लावायची, तो हात वर करून उभा राहायचा, आणि तेवढ्यानेही त्याचा श्वास भरून यायचा. माझ्या दुकानाच्या दोन पायऱ्या चढला की तो रस्त्याकडे बघत उभा राहायचा, जणू कोणाची वाट पाहतोय. मी म्हटलं, "दादा, तुला दम लागतोय." तो म्हणाला, "तो शब्द नको बोलू." मी म्हटलं, "तू वाळत चाललायस." तर हसून म्हणाला, "विचार हलके झाले गो, अंग पण हलकं झालं."

वहिनी माझ्यासारखी नाही. ती मोजकं बोलते, आणि तोपर्यंत तीही वर्गाला जायची. एका दुपारी ती एकटी दुकानात आली. बसली नाही. "ते झोपताना आडवे होत नाय," ती म्हणाली. "भिंतीला टेकून बसतात. मला सांगतात, ध्यान करतो." मग तिने माझा हात धरला. "तुमचं ऐकतील. डॉक्टरकडे न्या त्यांना."

माझं तो ऐकत नव्हताच. पण मी आईच्या श्राद्धाच्या सामानाचं निमित्त काढून त्याला पालघरला नेलं आणि बाजारातून सरळ डॉक्टरांच्या दारात उभं केलं. फसवलं म्हणा. त्याने माझ्याकडे फक्त पाहिलं आणि नंबर येईपर्यंत बसला. तिथे भिंतीवर देवाची तसबीर होती, तिच्याकडे पाहत त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना करतोय. मग ऐकू आलं. "मी निरोगी आहे. मी निरोगी आहे."

डॉक्टर भले होते. छातीवर नळी ठेवली, पाठीवर ठेवली, कपाळाला आठ्या पडल्या. विचारलं, "चालताना दम लागतो?"

"नाय," दादा म्हणाला.

"खोकला?"

"नाय."

"कंपनीत काय काम? वाफा, गॅस काही लागतो?"

"आमची कंपनी एकदम चांगली हाय."

"डॉक्टर, हा खोटं बोलतोय," मी म्हटलं. "दोन पायऱ्या चढत नाय. बसून झोपतो. कंपनीत तर..."

दादाने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. डॉक्टरांना हात जोडून म्हणाला, "बहीण हाय माझी. घाबरट हाय. आईवर गेली."

बाहेर माणसांची रांग लागली होती. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लिहून दिलं, फुंकर मारून करायची एक तपासणी लिहून दिली, आणि ते घेऊन लगेच या, टाळू नका, असं दोनदा सांगितलं. तो कागद दादाने शर्टाच्या खिशात घातला. मीच शिवलेल्या खिशात. रिक्षा स्टँडवर मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. लोक थांबून बघत होते. तो शांतपणे ऐकत होता, आणि त्याची ती शांती पाहून मला त्याला धरून हलवावंसं वाटत होतं. शेवटी म्हणाला, "मी तोंडाने बोललो ना, की होतंय मला काहीतरी, तर ते खरं होईल. एकदा झालंय तसं. तुला माहीत हाय."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मला समजलं की हा श्रद्धेने गप्प नाहीये, हा घाबरून गप्प आहे. जगातल्या सगळ्या भीती सोडायला शिकवता शिकवता त्यांनी माझ्या भावाला त्याच्या स्वतःच्या तोंडाची भीती घातली होती. तपासणी त्याने केली नाही. वहिनीने विनवलं, मी भांडले, काही उपयोग झाला नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणे. वैऱ्याला चिंतायची गरजच नव्हती. तो पाळ्या लावून दिवसरात्र काम करत होता.

पुढे जे झालं ते वर्गातच झालं. रविवारी सकाळी सगळे डोळे मिटून बसले होते. ध्यान संपलं, ताईंनी हळू डोळे उघडा म्हटलं, सगळ्यांनी उघडले. दादाने उघडले नाहीत. ताठ, भिंतीला टेकलेला, मान जरा खाली. ताईंनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना खुणावलं. लोक पायांचा आवाज न करता बाहेर गेले. पायरीवर बसून हळू आवाजात बोलत होते की दादांची समाधी लागली. कोणी म्हणालं, चेहऱ्यावर काय तेज आहे.

वहिनी चपला घालायला थांबली होती. तिला तेज दिसलं नाही. तिला त्याचे ओठ दिसले, जांभळे झालेले. तिने किंकाळी फोडली. जी बाई नवऱ्याला नावाने कधी हाक मारत नाही, ती त्याचं नाव घेऊन ओरडली. हे सगळं मला तिनेच नंतर सांगितलं, एकेक वाक्य, सांगताना माझ्याकडे न बघता.

इस्पितळात तो वाचला. वाचला म्हणजे काय ते तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन समजावलं. फुप्फुसं निबर झाली होती, आत जागा उरली नव्हती, आणि ती आता मऊ होणार नव्हती. "हे एका दिवसात होत नाही," ते म्हणाले. "आधी का नाही आणलं?" वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मी वहिनीकडे.

घरी आणला तो नाकात नळी घालून. खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन घरघरत असायचं. लाइट गेली की वहिनी धावत सिलिंडर जोडायची. ज्याच्या हाकेने शेतातली माणसं उठायची तो आता पाणी मागायलाही बोट हलवायचा. मी दुकान दुपारी बंद करून रोज माहेरी जायला लागले.

कंपनीतून कोणीतरी फळं घेऊन आलं आणि खाटेच्या पायथ्याशी उभं राहून गेलं. मग ताई आल्या. त्यांचे डोळे रडून सुजलेले होते, हेही सांगायला हवं. खाटेवर त्याच्याजवळ बसल्या, त्याचा हात हातात घेतला. वहिनीने विचारलं, तिने पहिल्यांदाच काही विचारलं, "ताई, ते तर सगळं तुमी सांगाल तसं करत होते. मग असं का झालं?"

ताईंनी त्याचा हात तसाच धरून ठेवला. म्हणाल्या, "कुठेतरी खोल मनात शंका राहिली असेल."

मी त्यांना घराबाहेर काढलं. दंडाला धरून काढलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. पण आत आले तर दादा मान हलवत होता. पटल्यासारखा. मी वाकले तेव्हा श्वासाश्वासाने तोडत म्हणाला, "राहिली होती. त्यांना कळते सगळं. माझाच विचार कमी पडला."

मला तो सगळ्यात मोठा घाव बसला. फुप्फुसं कंपनीने नेली, ते मी समजू शकते, इथे ते होतच असतं. पण हा माणूस मरताना स्वतःलाच दोष देत मरणार होता, आणि तेवढं तरी मला होऊ द्यायचं नव्हतं. मी रोज त्याच्याशेजारी बसून सांगायचे. पाइपाचं तू खरं बोलला होतास. तुझ्या बोलण्याने नाही सुटला. तू अजून जोरात ओरडायला हवं होतंस. तो डोळे मिटून घ्यायचा. मी दमायची आणि पुन्हा सांगायची.

पौषातली एक संध्याकाळ. वहिनी परसात भांडी घासत होती. मी उसवलेला शर्ट घेऊन खिडकीजवळ बसले होते, खिडकी उघडी, कारण त्याला ती उघडीच हवी असायची. वारा पडला. चिकूचं पान हलेना. आणि माझ्या नाकाला लागला, आईचा तो नटूनथटून येणारा. नंतर त्याच्याखाली दुसरा, घशाला धरणारा.

मी दादाकडे पाहिलं. त्याचं नाक नळीने भरलेलं, त्याला वास कळत असेल की नाही, मला ठाऊक नव्हतं. पण छाती भराभर वर-खाली व्हायला लागली होती. ओठ हलत होते. शुद्ध हवा. शुद्ध हवा.

मी शर्ट टाकला आणि दारात गेले. एक हात चौकटीवर ठेवला. श्वास भरला, त्यातही ते भरलं, खोकला आला, आणि तशीच ओरडले, "वास आला गोऽऽ!"

शेजारच्या ओट्यावरच्या बाईने माझ्याकडे पाहिलं, वेड लागल्यासारखं. मी पुन्हा ओरडले. पुन्हा. कोणी उचलेना. मग कुंपणापलीकडे दार वाजलं. काकू बाहेर आली. फार म्हातारी झालीय, तिला आमचं घर कुठल्या बाजूला तेही नीट दिसत नाही. सवयीने आमच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि चिरक्या आवाजात तिने हाळी पुढे दिली. तिच्या पुढे एकाने दिली. त्याच्या पुढे अजून एकाने. कुठेतरी एक खिडकी आपटली, मग दुसरी.

मी धापा टाकत आत आले. दादाचे डोळे उघडे होते. ओठ थांबले होते. मला वाटलं, आता रागावणार, हॉल जड केलास म्हणणार. त्याने बोटाने जवळ बोलावलं. मी कान नेला.

"खिडकी लाव," तो म्हणाला.

मी लावली. कडी घातली, फटीत ओलं फडकं कोंबलं. मागे वळले तर तो खिडकीकडेच बघत होता. त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही, आणि त्या दिवसांत ह्या विषयावर काही बोललाही नाही. वर्गातले लोक सांगतात की दादा शांतपणे गेले. वहिनी म्हणते, "शेवटी तुमचं ऐकलं त्यांनी, तेवढ्यावर समाधान माना."

मी मानत नाही. दोन शब्द होते ते. माझ्या भावाचा गळा केवढा होता, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल.